उपग्रहातली हिरवाई आणि जमिनीचा कस

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, उपग्रहांच्या नोंदींत शेतजमीन पूर्वीपेक्षा हिरवी दिसत असेल, तर जमिनीचा कस उतरल्याची जुन्या शेतकऱ्यांची तक्रार खोटी म्हणायची का, असे तुम्ही विचारलेत. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. फोनवर हे नीट सांगता आले नसते, म्हणून लिहीत आहे.

उपग्रह धान्य मोजत नाही. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. पानावरून परतलेल्या अवरक्त आणि तांबड्या प्रकाशाच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून जो निर्देशांक मिळतो, तो दाट पिकावर एकाच्या दिशेने चढतो आणि उघड्या मातीवर शून्याच्या आसपास राहतो. त्याला ऊन, तापमान आणि पाण्याच्या नोंदी जोडून पिकाने वर्षभरात हवेतला किती कार्बन आपल्या अंगात बांधला याचा अंदाज करतात. त्यातला साधारण निम्मा वनस्पती स्वतःच्या श्वसनातच खर्च करते आणि उरते ती निव्वळ उत्पादकता. तिच्यात मुळे, खोड, पाला, दाणा सारेच येते. आई, तू विचारशील, मग तणसुद्धा? होय, तणसुद्धा.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2017 या काळात जगातील पानांचे एकूण क्षेत्र सुमारे 5 टक्क्यांनी वाढले. त्या वाढीतला जवळजवळ एक तृतीयांश वाटा चीन आणि भारताचा होता आणि भारताच्या वाट्यापैकी 82 टक्के हिरवाई शेतजमिनीवरची होती. यामागे मुख्यतः सिंचन, खते आणि त्याच रानात वर्षातून एकापेक्षा अधिक पिके घेणे ही कारणे आहेत. जिथे पूर्वी पावसाळ्यानंतर जमीन मोकळी पडे, तिथे आता दुसरे पीक उभे असते. त्यामुळे एकही पीक आधीपेक्षा जोमदार नसले, तरी वर्षाचा आकडा चढतो. अशी वाढ भूजल उपसून आलेली असेल, तर तिला मी जमिनीची कमाई म्हणणार नाही.

हवेतील कार्बन डायऑक्साइडचाही यात वाटा आहे. 1958 मध्ये त्याचे प्रमाण दहा लाखांत सुमारे 315 भाग होते, ते आता 420 च्या पुढे गेले आहे. याचा लाभ गहू, भात आणि कडधान्यांना अधिक होतो. ज्वारी, मका आणि ऊस यांना तो मुख्यतः पाण्याची ओढ असताना होतो. मात्र वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवलेल्या गहू-भाताच्या दाण्यात प्रथिने आणि जस्त कमी भरते, हे प्रयोगांतून दिसले आहे. उलट बाजूने, तापलेली कोरडी हवा पानांची रंध्रे, म्हणजे हवा आत घेणारी सूक्ष्म छिद्रे, मिटायला लावते आणि उबदार रात्री श्वसनाचा खर्च वाढवतात.

हवामानाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे ठरवण्यासाठी केवळ हवामानावरून अपेक्षित उत्पादकता काढून ती प्रत्यक्ष उत्पादकतेतून वजा करतात आणि उरलेली बाकी माणसाच्या नावावर टाकतात. रीत उपयोगी असली तरी मला ती पूर्ण पटत नाही, कारण कीड, रोग आणि गणिताच्या चुकाही त्याच बाकीत मुकाट्याने मिसळतात.

आता तुमच्या कसाच्या प्रश्नाकडे येते. पाणी आणि खत भरपूर असेल, तोवर सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कार्बन, घटलेली जमीनही वरून हिरवीच दिसते, त्यामुळे चांगल्या वर्षाच्या चित्रावरून तिची परीक्षा होत नाही. पावसाने ओढ दिली, की ज्या रानात ह्यूमस, म्हणजे मातीतला हा कुजलेला अंश, टिकून आहे तिथली हिरवाई, बाकी परिस्थिती सारखी असेल तर, अधिक दिवस तग धरते. म्हणून मी वार्षिक बेरजेपेक्षा कोरड्या वर्षी हिरवाई किती घसरली आणि पुढच्या पावसानंतर किती लवकर सावरली, हे आधी पाहते. ओलिताखालच्या शेतात मात्र हाही पुरावा झाकला जातो आणि तिथे माती परीक्षणाला पर्याय उरत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली कन्या