विजापूर वाटेत उरकू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला विजापूरच्या सहलीवरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत. पण ‘अक्कलकोट-गाणगापूर करताना विजापूर वाटेत उरकता येतं, गोलघुमटाला दोन तास पुष्कळ झाले’ हा त्यातला सल्ला वाचून गप्प बसवेना. यात्रा कंपन्यांच्या गाड्या नेमकं हेच करतात. पहाटे देवदर्शन, साडेअकराला गोलघुमट, दीडला जेवण आणि गाडी पुढे. १४९० पासून १६८६ पर्यंत जी आदिलशाहीची राजधानी होती, जिचं नाव घेतल्याशिवाय आपला चौथीचा इतिहास पुढे सरकत नाही, ते शहर आपण भर उन्हात, पोटात भूक घेऊन पाहतो आणि ‘विजापूर झालं’ म्हणून यादीतून खोडून टाकतो.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणं, कालवे, पाटचाऱ्या यांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. त्यामुळे जुन्या शहरात गेलं की लोक कळस बघतात आणि मी पाणी कुठून आणलं ते शोधते. घरचे याला वेड म्हणतात. म्हणोत बापडे.

गेल्या हिवाळ्यात नणंदेला घेऊन विजापूरला मुक्कामालाच गेले. सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर, रेल्वेही आहे. २०१४ पासून सरकारी कागदावर शहराचं नाव विजयपुरा झालंय, पण स्टेशनाबाहेरच्या टांगेवाल्याशी आम्ही मराठीत बोललो आणि तो आमच्याशी आपल्या दख्खनीत. कोणाचंच काही अडलं नाही.

गोलघुमट सकाळी सहाला उघडतो. ही एक ओळ त्या लेखात असती तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. उजाडता उजाडता आत गेलो तेव्हा आम्ही दोघी, फिरायला आलेले काही गावकरी आणि पारवे, एवढेच होतो. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना सात मजले चढतो, अरुंद आहे, पायऱ्या उंच. गुडघ्यांची तक्रार असेल त्यांनी खालूनच बघावं, त्यातही काही कमी नाही. वरच्या सज्जात पोचल्यावर नणंद पलीकडच्या बाजूला जाऊन भिंतीशी बसली. मधे अडतीसेक मीटरचं अंतर. तिथून ती हळूच म्हणाली, ‘‘वहिनी, गुडघा काय म्हणतोय?’’ आणि तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून विचारावं तसं ते मला ऐकू आलं. कुजबुज घुमटाच्या गोल भिंतीला धरूनच सरकत येते, मधल्या पोकळीत सांडून जात नाही. म्हणून तर ती बोलावी लागते हलक्या आवाजात आणि भिंतीकडे तोंड करून.

साडेनऊच्या सुमाराला शाळेच्या सहली आल्या. एका गुरुजींनी मुलांना कठड्याशी ओळीनं उभं केलं आणि स्वतःच ‘‘एक, दोन, तीन... ओरडा!’’ म्हणून सुरुवात करून दिली. पुढचा तासभर तिथं जे चाललं त्याला प्रतिध्वनी म्हणत नाहीत, गोंगाट म्हणतात. हिशेब साधा आहे. आवाजाला पलीकडे जाऊन परत यायला सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडाच जास्त वेळ लागतो. एक टाळी वाजवली तर तिचे सात-आठ पडसाद वेगवेगळे मोजता येतात. चाळीस पोरं एकदम किंचाळली तर मोजायचं काय? मुलांवर माझा राग नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही की इथली खरी गंमत ओरडण्यात नाही. व्यवस्थापनाने पंचवीस-तीस जणांच्या तुकड्या करून वर सोडलं, आणि प्रत्येक तुकडीला पहिली पाच मिनिटं बोलू नका म्हणून बजावलं, तर पैसा न खर्चता हे साधेल. तोवर गुरुजींनी तरी बसमध्येच मुलांना समजावून सांगावं.

त्या गोंगाटात लोक मान वर करायचंही विसरतात. आत एकही खांब नाही, अठरा हजार चौरस फुटांहून मोठा चौक आणि त्यावर विटा-चुन्याचा एकच घुमट. कागदावर एक चौकोन काढा, त्यावर दुसरा पंचेचाळीस अंशांनी फिरवून ठेवा. त्या रेघांवर आठ कमानी उभ्या केल्या आहेत, त्या एकमेकींना छेदत वर जातात आणि मधे जी जागा उरते तिच्यावर घुमट बसतो. कमानींच्या मधला भराव आतल्या बाजूला झुकलेला आहे, त्याचं वजन घुमटाच्या बाहेर रेटणाऱ्या जोराला आवरून धरतं. नोकरीत मी पुष्कळ नकाशे पाहिले, पण इतका शहाणा नकाशा क्वचित. खाली मधोमध महंमद आदिलशहाच्या थडग्याची प्रतिकृती आहे, शेजारी राण्या आणि रंभा नावाची त्याची नर्तकी. खऱ्या कबरी तळघरात आहेत.

या महंमदशहाची कारकीर्द १६२७ ते १६५६. म्हणजे शहाजीराजे १६३६ मध्ये आदिलशाहीत गेले ते याच्याच चाकरीत, आणि १६४८ मध्ये जिंजीजवळ पकडून त्यांना आणलं तेही याच शहरात. सुटकेसाठी पुढच्या वर्षी कोंढाणा द्यावा लागला. गोलघुमटाचं काम त्या सुमारास चालूच असणार. आपले मार्गदर्शक ‘आवाज सात वेळा घुमतो’ इतकंच सांगून थांबतात. मराठी पर्यटकाला यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यांच्याजवळ नाही काय? पहिल्या इब्राहिम आदिलशहानं महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत ठेवायला लावले आणि त्या वाटेनं आपले कारकून-देशपांडे दरबारात शिरले, हे तरी सांगा.

आता पाण्याकडे वळते. विजापूरचा मुलूख पावसाचा तुटवडा असलेला, जवळून मोठी नदी नाही. अशा माळावर राजधानी वसवायची, तिला सहा मैलांहून लांब तट आणि ९६ बुरूज बांधायचे आणि आतल्या माणसांना, घोड्या-हत्तींना, बागा-कारंज्यांना पाणी पुरवायचं, हे काम मला तरी घुमटापेक्षा अवघड वाटतं. पश्चिमेला तोरवीहून जमिनीखालून बोगद्यानं पाणी आणलं. पुढे १६५१ मध्ये दक्षिणेला बेगम तलाव बांधून तिथून खापरी नळ टाकले. वाटेत ठिकठिकाणी दगडी मनोरे आहेत, त्यांना तिथं गंज म्हणतात. पाणी त्यात चढतं, गाळ खाली बसतो, नळांवरचा दाब हलका होतो आणि पाणी पुढे निघतं. औरंगाबादच्या नहर-ए-अंबरी या जुन्या पाणीयोजनेवर ज्यांनी असे मनोरे पाहिलेत त्यांना लगेच कळेल. रस्त्याच्या कडेला असा एक गंज बघत मी उभी राहिले तर टांगेवाल्यानं घोडा थांबवून विचारलं, ‘‘बाई, इसमें क्या है देखने का?’’ त्याला समजावण्यात पाव तास गेला आणि मग तो स्वतःच पुढचे दोन दाखवायला घेऊन गेला.

ताज बावडी, म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, चुकवू नका. १६२० ची, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या ताज सुलतान या राणीच्या नावाची. रुंद कमान, दोन्ही अंगांना अष्टकोनी मनोरे आणि पायऱ्या उतरून गेलं की चौरस तलावच समोर येतो. चांद बावडी तिच्याहून जुनी, १५७९ ची. अहमदनगर लढवणाऱ्या चांदबिबीच्या नावाची, कारण ती सासरी याच शहरात आली होती.

इब्राहिम रोजाला संध्याकाळी जा. दुसरा इब्राहिम स्वतः गाणारा, सरस्वतीचं स्तवन रचणारा राजा. त्याची ही कबर आणि समोरची मशीद एकाच चौथऱ्यावर आहेत. खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्याच कोरल्या आहेत, उजेड त्या अक्षरांतून आत येतो. कबरीच्या खोलीचं सपाट दगडी छत बघून मी तिथल्या पहारेकऱ्याला दोनदा विचारलं की वर तुळई कुठे लपवली आहे. तुळई नाहीच. चुन्याच्या जोरावर दगड धरून राहिलेत. वास्तुकार मलिक संदल. अशा इमारतीशी कारागिराचं नाव टिकून राहावं, हे आपल्याकडे किती ठिकाणी घडतं?

बारा कमान म्हणजे दुसऱ्या अली आदिलशहाची अर्धवट राहिलेली कबर. नुसत्या कमानी उभ्या आहेत, वर आभाळ. दहा मिनिटांत बघून होते. गावाबाहेरच्या साठ कबरींना मात्र वेळ द्या. अफजलखानाच्या बायकांच्या म्हणून त्या दाखवतात. मोहिमेवरून आपण परत येणार नाही असं भाकीत ऐकून निघण्याआधी त्यानं त्यांना मारलं, अशी दंतकथा आहे. दंतकथा खरी-खोटी इतिहासकार बघोत. पण प्रतापगडाच्या पायथ्याची गोष्ट आपण लहानपणापासून एकाच बाजूनं ऐकत आलोय, आणि तो माणूस निघाला ती जागा अशी सपाट, रखरखीत माळाची आहे. १६५९ च्या त्या स्वारीत माळावरच्या फौजेला जावळीचं जंगल काय वाटलं असेल ते इथं उभं राहिल्यावर थोडं समजतं. मी साताऱ्याची, प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला, पण हे मला गडावर कधी सुचलं नव्हतं.

प्रतापगडासह बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आपण पेढे वाटले. विजापूर, बिदर, गुलबर्गा, हैदराबाद या दख्खनी सुलतानांच्या वास्तू २०१४ पासून त्याच यादीच्या प्रतीक्षेत आहेत. एका इतिहासाची ही दोन्ही टोकं आहेत. सहल काढणाऱ्यांनी एक मुक्काम वाढवला तर माणशी काही रुपये वाढतील. यात्रेकरू ते देतील, त्यांना विचारून तर बघा.

शेवटी एक दुरुस्ती. मुलूखमैदान तोफ विजापुरात ओतली, असं लेखाच्या चौकटीत छापलं आहे. ते चूक. ती १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात ओतली. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, त्याचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे. पंचावन्न टनांचं हे धूड पुढे परांड्याच्या किल्ल्यात होतं आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवानं विजापूरला नेलं. पुण्यावर गाढवाचा नांगर फिरवणारा तो हाच. इंग्रजांनी १८५४ मध्ये ती लिलावात काढली तेव्हा दीडशे रुपयांच्या वर बोली गेली नाही, म्हणून विक्री रद्द झाली आणि तोफ वाचली. आपल्या वृत्तपत्राचे वाचक नगर जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या गावचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलंय, तेव्हा ही दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी छापावी.

आपली,
एक निवृत्त आरेखक, सातारा