आण्णा, खांद्याचं ग्रुपवर टाकू नका

तीर्थरूप आण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलायला गेले असते तर आण्णांनी 'बरं बरं' करून फोन तुझ्या हातात दिला असता, आई. म्हणून कागद घेतला. काका उद्या गावी निघालाय, त्याच्यासोबत पाठवते. आण्णा, मी रागावले नाहीये. म्हणजे आता नाहीये.

गेल्या गुरुवारी रात्री मी आईला सांगितलं, नेट प्रॅक्टिसमध्ये खांदा आखडलाय, उद्या बहुतेक बसवतील. आईनं तुम्हाला सांगितलं. तुम्ही दहा मिनिटांत भावकीच्या ग्रुपवर टाकलंत: 'लेकीचा खांदा दुखावला आहे. उद्या खेळणार नाही. सर्वांनी देवाला हात जोडावेत.' जोडलेले हात पन्नासेक तरी आले असतील. आणि सकाळी सातला माझ्या इन्स्टावर एका अनोळखी माणसाचा मेसेज: 'ताई खांदा कसा आहे? आज नक्की बाहेर ना? अजून कोण बसतंय?'

शेवटचा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. मायेनं विचारणारा माणूस 'अजून कोण' असं विचारत नाही.

नाश्ता तसाच टाकून मॅनेजर सरांची खोली गाठली. मेसेज दाखवला, भ्रष्टाचारविरोधी पथकाच्या अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं. बातमी बाहेर कशी गेली, असं त्यांनी विचारलं तिथं मला 'वडील' असं लिहावं लागलं, आण्णा.

टीम जाहीर व्हायच्या आधी कोण खेळणार, कुणाला दुखापत, पीच कसं, या सगळ्याला नियमात आतली माहिती म्हणतात. सट्टेवाल्यांना तीच पाहिजे असते. मॅचच्या दिवशी ग्राउंडवर पोचलो की आमचे फोन जमा करून घेतात ते यासाठीच. माझा फोन पिशवीत जातो, तुमचा मात्र उघडाच.

बांगलादेशचा शाकिब अल हसन तुमच्या आवडीचा. 2019 च्या वर्ल्ड कपात त्यानं 606 रन केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रिकेटच्या जागतिक संस्थेनं, आयसीसीनं, त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली, त्यातलं एक वर्ष स्थगित. पैसे घेतल्याचा किंवा मॅच सोडल्याचा आरोपच नव्हता. माहिती मागणाऱ्याचे व्हॉट्सॲप मेसेज आले आणि ते त्यानं कळवले नाहीत, एवढंच. तो वर्षानं परत आला. मला कोण परत घेईल?

आता त्या पोळ्यावाल्याचं. एका ओव्हरला मला 19 गेले आणि कुणीतरी लिहिलं, 'जा, पोळ्या लाट.' तुम्ही थेट त्याच्या आईवर गेलात. स्क्रीनशॉट फिरला तेव्हा त्यावर तुमचं नाव नव्हतं हो, माझे वडील एवढंच होतं. 2022 च्या आशिया कपात दुबईला आपल्या अर्शदीप सिंगच्या हातून पाकिस्तानच्या आसिफ अलीचा कॅच सुटला, तर लोकांनी रातोरात त्याला खलिस्तानी करून टाकलं, विकिपीडियाचं पानसुद्धा बदललं. शेवटच्या ओव्हरला सात रन वाचवायला तोच आला होता, आसिफलाच एलबीडब्ल्यू केलं, मॅच गेली ती फक्त एक बॉल राहिला असताना. हे कुणी फॉरवर्ड केलं का?

मीही काही धुतल्या तांदळाची नाही, आई. इंग्लंडच्या ऑली रॉबिन्सननं 2021 मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच टेस्टमध्ये सात विकेट काढल्या, पण पोरवयातली घाणेरडी ट्विटं त्याच मॅचमध्ये वर आली आणि पुढच्या टेस्टला तो बाहेर. ते ऐकून मी माझं कॉलेजचं जुनं अकाउंट उघडलं. वर्गातल्या एका मुलीच्या रंगावर मी विनोद केला होता. खाली वीस हसरी तोंडं, त्यातलं एक तिचंच. पुसलं. पण तिला फोन करायचा अजून धीर होत नाहीये.

लसणाची चटणी काकासोबत पाठवू नकोस, इथं मेसमध्ये तिखट चालत नाही. आण्णा, ग्रुपवर फोटो टाकायचाच झाला तर दोन वेण्यांचा, शाळेतला टाका.

खांद्याचं विचारू नका. रविवारी मॅच संपली की मीच फोन करते.

तुमची,
छकुली