फोंतेन्हासमधल्या काकींस, दारासमोरच्या जागेबद्दल

प्रिय काकी,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले, तर तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. आईच्या गुडघ्यांची चौकशी केलीत, ‘परत यो गो’ म्हणालात आणि फोन ठेवून दिलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव, घराचा रंग, गल्ली यातलं काही लिहीत नाही. फोटोसाठी पणजीच्या या जुन्या वस्तीत, फोंतेन्हासमध्ये, घुसणाऱ्यांना आणखी एक पत्ता माझ्यामुळे मिळायला नको. तुमची नात मोबाइलवर मराठी वाचते असं तुम्हीच सांगितलंत, तेव्हा ती तुम्हाला हे वाचून दाखवेल.

आई पणजीला कशासाठी आली होती, हे त्या दिवशी तुम्हाला नीट सांगता आलं नाही. तिचे वडील, माझे आजोबा, १५ ऑगस्ट १९५५ ला गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर होते. हातात काठीसुद्धा नसलेली माणसं पोर्तुगीज हद्दीत शिरली आणि समोरून गोळ्या आल्या. आजोबा वाचले. त्यांच्याबरोबर गावातून निघालेला एक जण वाचला नाही. पुढे १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, रस्ते खुले झाले, एसट्या सुरू झाल्या, तरी आजोबा पणजीला कधी गेले नाहीत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांना विचारायची कुणाची हिंमत नव्हती. ते गेल्यानंतर आईने मनाशी धरलं होतं की पणजीच्या आझाद मैदानावरच्या हुतात्मा स्मारकापुढे वडिलांच्या वतीने एकदा हात जोडायचे. गोवा मुक्तीच्या लढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या अस्थी तिथे आहेत हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि तेव्हापासून तिच्या दृष्टीने ती जागा देवळासारखीच होती. बाकी गोव्यात तिला काहीही बघायचं नव्हतं.

आणि त्या मैदानाजवळ आम्हाला गाडी उभी करता येत नव्हती.

डिसेंबरातला शनिवार, मुक्तिदिन तोंडावर आलेला, पणजी पर्यटकांनी भरलेली. चर्च स्क्वेअर, १८ जून रस्ता, मांडवीच्या काठाचा रस्ता, परत चर्च स्क्वेअर. १९४६ साली १८ जूनलाच डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली होती, म्हणून त्या रस्त्याला तारखेचं नाव आहे. आईला हे सगळं पाठ. त्या रस्त्याची पाटी तिने गाडीच्या काचेतून पाहिली, आणि मागच्यांनी हॉर्न वाजवून आम्हाला पुढे ढकललं.

ज्यांनी ज्यांनी त्या सकाळी आम्हाला हाकललं, त्यांच्याबद्दल थोडं लिहितेच. पैसे घेऊन गाड्या लावून देणाऱ्या एका माणसाने कोल्हापूरची, एमएच ०९ ची नंबरप्लेट बघितली आणि दुप्पट रक्कम सांगितली. पावती मागितल्यावर ‘मग जागा नाही’ म्हणाला. जागा माझ्या डोळ्यांसमोर होती. एका हॉटेलाच्या आवारात निम्म्या जागा रिकाम्या होत्या. आईला तेवढं उतरवू द्या, ती इथे सावलीत बसेल, मी गाडी लांब लावून येते, असं मी तिथल्या रखवालदाराला हात जोडून म्हटलं. त्याने उत्तरसुद्धा दिलं नाही, गेट ओढून घेतलं. चौकात शिट्टी वाजवणाऱ्याला विचारलं, ‘मग कुठे लावू ते तरी सांगा.’ त्याने पुन्हा शिट्टी वाजवली. नियम पाळायला माझी कधीच ना नव्हती. पण ‘इथे नको’ म्हणणाऱ्या माणसाला ‘तिथे लावा’ एवढं तरी सांगता यायला हवं, असं मला अजूनही वाटतं.

एका दुकानदाराने मात्र प्रेमाने सांगितलं की पाट्टोला बहुमजली पार्किंग आहे, तिथे गाडी ठेवा आणि चालत या. ज्याचे पाय धड आहेत त्याने तेच करावं, मीही सगळ्यांना तेच सांगेन. पण आई थोडं चालली की थांबते, गुडघा धरून उभी राहते, आणि तिला मधुमेह आहे. एवढ्या वेळाने तिचा चेहरा उतरला होता. जेवणाची वेळ टळून गेली होती. ती म्हणाली, ‘राहू दे बाळा, परत जाऊ. आण्णांना पणजी नव्हती, मला पण नाही.’ काकी, ते वाक्य ऐकून मी गाडी चालवता चालवता रडले आहे.

तशाच अवस्थेत उरे खाडीच्या बाजूने आम्ही तुमच्या गल्लीत शिरलो. खरं तर फक्त गाडी वळवायला. तुम्ही दारात होतात. तुमच्या दारासमोर एक स्कूटर आणि दोन कुंड्या होत्या, त्या कशासाठी तिथे आहेत हे कुणालाही कळेल. मी काच खाली करून काही बोलायच्या आत तुम्ही आईकडे बघितलंत. ‘कितें जालें गो?’ एवढंच विचारलंत. मी काय उत्तर दिलं आठवत नाही. तुम्ही कुंड्या स्वतः उचलून पायरीवर ठेवल्यात, स्कूटर ढकलून भिंतीला टेकवलीत आणि म्हणालात, ‘गाडी हांगाच दवर. आवयक भितर हाड.’ गाडी इथेच ठेव, आईला आत आण.

आई आत आली, तोंडावर पाणी मारलं, तुम्ही दिलेली पेज प्यायली. तिला बाथरूमला जायचं होतं आणि ती संकोचाने बोलत नव्हती, हे तुम्ही तिच्याकडे बघून ओळखलंत. तुमच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला तुम्ही फोन केलात, ‘म्हातारी बाई आहे, मैदानाच्या अगदी दारात सोड आणि तिथेच थांब’ असं त्याला बजावलंत. हे सगळंच मोठं आहे. पण मी पत्र लिहितेय ते त्यानंतरच्या एका गोष्टीसाठी.

आम्ही निघालो आणि आई दारात अडखळली. सारखी गाडीकडे बघायला लागली. कुणी तक्रार केली तर? गाडी उचलून नेली तर? शेजारच्यांना चालेल का? ती अशीच आहे, दुसऱ्याच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा विसळून ठेवणारी. ती स्मारकापुढे उभी राहिली असती तरी जीव गाडीत अडकलेला असता, आणि दोन मिनिटांत ‘चल, चल’ सुरू झालं असतं. तुम्ही ते बघितलंत. आत गेलात, कॅलेंडरचं जुनं पान फाडलंत आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहिलंत की ही गाडी आमच्या घरी आलेल्या माणसांची आहे. खाली तुमचा फोन नंबर. ते पान वायपरखाली सरकवलंत आणि आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, आता कुणी विचारलं तर मला विचारतील, तू जा.

काकी, त्या चिठ्ठीने काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, कारण तुम्ही तिथे नव्हता. आई आझाद मैदानावर स्मारकापुढे बसली आणि उठलीच नाही. तिने घड्याळ बघितलं नाही, गाडीचं नाव काढलं नाही. आधी हात जोडले, मग तिथल्या कट्ट्यावर बसून आजोबांशी बोलायला लागली. मोठ्याने, जसं ती घरी त्यांच्या फोटोशी बोलते तसं. पत्रादेवीला बरोबर असलेल्या त्या माणसाचं नाव मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आजोबांनी ते फक्त तिला सांगितलं होतं. रिक्षावाला थोड्या वेळाने जवळ येऊन उभा राहिला, पण तोही काही बोलला नाही. तेवढा मोकळा वेळ तिला मिळाला, कारण तुमच्या गल्लीत आमच्या गाडीची जबाबदारी तुम्ही स्वतःच्या नावावर घेतली होती.

परतल्यावर चहा पिताना तुम्ही जे सांगितलंत ते माझ्या मनातून जात नाही. तुमच्या यजमानांना रात्री दम लागला होता आणि कुणीतरी पर्यटकाने भाड्याची गाडी बरोब्बर तुमच्या दाराला लावून ठेवली होती. त्यांना खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून न्यावं लागलं. ते बचावले, तरीही. त्यानंतर तुम्ही त्या कुंड्या ठेवायला लागलात. म्हणजे बाहेरगावच्या गाडीवर चिडायचा हक्क पणजीत कुणाला असेल तर तो तुम्हाला होता, आणि कुंड्या तुम्हीच उचलल्यात. ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं, त्यांनी गेटं ओढून घेतली.

तुमच्या घरासारखी घरं दिसायला सुंदर आहेत हे सगळ्या जगाला माहीत झालंय, पण त्या घरांत माणसं राहतात हे बघायला आलेल्यांच्या लक्षात राहत नाही. १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली तेव्हा मोटारी नव्हत्या. त्या काळच्या रुंदीच्या गल्ल्या, दार उघडलं की पाय थेट रस्त्यावर. तिथे एक गाडी चुकीची लागली की एक घर बंद होतं. आम्ही चहा पीत असताना दोन मुली तुमच्या पायरीवर बसून फोटो काढत होत्या आणि एक मुलगा त्यांना खिडकीच्या गजाला हात लावायला सांगत होता. तुम्ही पडदा सारलात, बाहेर जाऊन रागावला नाहीत. मला रागवावंसं वाटत होतं. मला मनापासून वाटतं की फोंतेन्हासमध्ये बाहेरच्यांच्या गाड्या येऊच देऊ नयेत. पाट्टोहून वृद्धांसाठी, आजाऱ्यांसाठी छोटी वाहनं सतत ये-जा करावीत, आणि रहिवाशांची दारं मोकळी राहावीत. तशी सोय झाली तर आमच्यासारख्यांना तुमच्या दारात यावं लागणार नाही. तोवर सगळा भार तुमच्यासारख्यांच्या भलेपणावर पडतो आहे, आणि हे बरोबर नाही.

तुमच्या धर्माबद्दल मी विचारलं नाही, तुम्ही आमच्या जातीबद्दल विचारलं नाहीत. मी पर्समध्ये हात घातला तेव्हा तुम्ही ज्या नजरेने बघितलंत, तो हात तसाच बाहेर आला. घरी आल्यावर आईने नातेवाइकांना मैदानाची गोष्ट एकदा सांगितली. कॅलेंडरच्या पानाची मात्र येईल त्याला सांगते, आणि दरवेळी ‘तिने नंबर पण लिहिला हो स्वतःचा’ इथे येऊन थांबते.

तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत चांगली चालेल. तेव्हा आम्ही पुन्हा येतोय. गाडी पाट्टोला ठेवणार आणि तुमच्याकडे चालत येणार, हे तिने स्वतः ठरवलंय. येताना ती तिच्या हातची कांदा-लसूण चटणी आणणार आहे. ती कोल्हापुरी हिशोबाने तिखट असते, आणि यजमानांच्या पथ्याचं तिला माहीत नाही. कमी तिखट करायची असेल तर नातीकडून कळवा.

तुमची,
एमएच ०९ वाली मुलगी आणि तिची आई