'आमच्याकडची पद्धत' हाही सापेक्षतावादच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुरोगामी, म्हणजे जुनी शिकवण नव्याने तपासू पाहणाऱ्या, ख्रिस्ती विचारांवर आलेला लेख वाचला. उपासनेनंतर चहाच्या वेळी त्यावरून आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, दोन तट पडले. एक तट म्हणतो, हे सगळे पाश्चात्त्य वारे, यांना आत घेतले तर शास्त्र, म्हणजे बायबल, गुंडाळून ठेवावे लागेल. दुसरा म्हणतो, सत्य ज्याचे त्याचे, आपण कोण न्याय करणार? मी तीस वर्षे रविवारच्या शाळेत शिकवले आहे. मला वाटते, प्रश्न विचारणे आणि नीती ज्याची त्याची मानणे, म्हणजे सापेक्षतावाद, या दोन गोष्टी दोन्ही तटांनी एकाच पोत्यात भरल्या आहेत.

पोप म्हणून निवड होण्याच्या आदल्या दिवशी, १८ एप्रिल २००५ रोजी, कार्डिनल रात्सिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) आपल्या प्रवचनात 'सापेक्षतावादाच्या हुकूमशाही'बद्दल बोलले. कशालाच कायमचे मानायचे नाही आणि माप म्हणून फक्त 'मी' आणि माझी इच्छा ठेवायची, अशी ती हुकूमशाही. हा शब्द आता आम्हा प्रॉटेस्टंटांच्या व्यासपीठांवरूनही ऐकू येतो, आणि बहुतेक वेळा अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या पोरांना गप्प बसवायला. शब्दात दम आहे, नेम मात्र चुकतो.

पंडिता रमाबाईंचेच घ्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण) असो, चर्चचा अधिकार असो, बाई केवळ कुणी सांगितले म्हणून मान्य करीनात. इकडच्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी १८८५ साली स्वच्छ कळवले. आज त्या आमच्या मंडळीत असत्या तर काहींनी त्यांना प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत येऊ दिले असते की नाही, शंकाच आहे.

आणि याच बाई, लहानपणी लग्न लावलेल्या आणि नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंच्या बाजूने कशा उभ्या राहिल्या! 'नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' असा निकाल १८८७ साली लागला. विवाहासारख्या बाबतीत लोकांच्या रीतिरिवाजात पडायचे नाही, हा सरकारचा बाणा. रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. हिंदुस्थानातल्या पुरुषांशी केलेला करार सरकार इमानाने पाळते आहे, असा बोचरा टोमणा त्यांनी 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' या पुस्तकात मारला. 'त्यांचे सत्य त्यांना' हे धोरण त्या वेळी राज्यकर्त्यांना किती सोयीचे होते! पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या, थेट १९२२ साली डोळे मिटेपर्यंत. प्रश्न विचारल्याने त्या शास्त्रापासून लांब गेल्या, असे कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली दक्षिणेतल्या मंडळ्यांना कळवले की चर्चमधला जातिभेद ताबडतोब आणि कायमचा बंद झाला पाहिजे. तंजावर आणि मद्रासकडे केवढी खळबळ उडाली. वरच्या जातीची कितीतरी कुटुंबे उठून चालती झाली. पुढे जर्मनीतल्या लाइप्झिगचे लुथरन, म्हणजे मार्टिन लुथरच्या पंथाचे, मिशन आले. त्यांनी जात ही सामाजिक रीत आहे असे म्हणत सबुरीने घेतले, आणि नाराजांना तिथे ठिकाण मिळाले. ही मंडळी पुरोगामी नव्हती बरे का! मतांगीकाराच्या, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीच्या, एकेका शब्दासाठी भांडणारे कट्टर सनातनी लुथरन होते ते. त्रैक्याबद्दल तडजोड नाही, पण कोण कुणाशेजारी बसतो हे मात्र 'तिथली पद्धत'.

त्याउलट ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधल्या भाषणातून दलित ईश्वरविज्ञानाची, म्हणजे दलितांच्या अनुभवातून देवाचा विचार करण्याची, वाट उघडली. त्यांना पुरोगामी म्हणा, वाटेल ते म्हणा. पण अस्पृश्यता हे पाप आहे, काल होते आणि उद्याही असेल, असे ज्या विचाराला ठणकावून सांगता येते, त्याला सापेक्षतावादी कसे म्हणायचे?

तुमच्या लेखकाशी माझे भांडण इथेच आहे. 'पाप' हा शब्द आता निवृत्त करावा असे ते लिहितात. मग क्षमा कशाची मागायची? आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला काय सांगायचे, की समोरच्याचा दृष्टिकोन वेगळा होता?

परवा आमच्या तरुण संघातली एक मुलगी हेच म्हणाली, "सर, त्यांचं सत्य त्यांना, आपलं आपल्याला." मी विचारले, "तुझ्या पणजीला विहिरीवर घागर बुडवू देत नव्हते, तेही त्यांचं सत्यच ना?"

"नाही, ते चूकच."

"कुणाच्या मते?"

ती जरा थांबली. मग म्हणाली, "चूक म्हणजे चूक, सर. कुणाच्या मते काय?" मी खूश झालो, शास्त्र उघडून, ख्रिस्तात दास-स्वतंत्र असा भेद नाही असे सांगणारे पौलाचे गलतीकरांस पत्र काढू लागलो. तेवढ्यात तिने विचारले, "मग चर्चमधली लग्नं जमवताना तुम्ही सगळे 'मूळचे कोण', म्हणजे आधीची जात कोणती, हे का विचारता?"

याचे उत्तर मला देता आले नाही. गेल्या वर्षी पुतण्यासाठी एक स्थळ आले होते. मुलगी शिकलेली, घरात रोज सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, तिचे वडील चर्चच्या कारभारातले एल्डर. भावजयीने फोनवर बाकी सगळे बोलून झाल्यावर आवाज खाली घेतला आणि विचारले, "पण मूळचे तुम्ही कोण?" पलीकडून आलेले उत्तर तिला पटले नाही आणि स्थळ तिथेच राहिले. मी नंतर विचारले तर म्हणाली, "आमच्याकडची पद्धत आहे, भाऊजी." पाश्चात्त्य वाऱ्यांविरुद्ध चहाच्या वेळी सर्वांत मोठा आवाज तिच्याच नवऱ्याचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा होता.

तो फोन चालू असताना मी त्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर