वेळासला श्रीवर्धन करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद. समुद्रावर जायचं तर कुठं, जिथं फरसबंदी रस्ता, बाक, दिवे, भेळेच्या गाड्या आहेत तिथं की जिथं नुसती पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि सुरुबन आहे तिथं. यंदा मार्चच्या शेवटी आम्ही एकाच ट्रिपमध्ये दोन्ही केलं, आधी रायगडातलं श्रीवर्धन आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते लिहून काढतेय. पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्याबरोबर आई होती, वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. वाळूत तिला दोन पावलं टाकता येत नाहीत, त्यामुळे कितीतरी वर्षांत समुद्र तिने गाडीच्या काचेतूनच पाहिलेला. श्रीवर्धनला किनाऱ्याच्या कडेने चांगला बांधलेला रस्ता आहे, त्यावरून ती काठी टेकत टेकत चालली, बाकावर बसली, मक्याचं कणीस खाल्लं, शेजारच्या बाकावरच्या महाडच्या आजींशी तासभर गप्पा मारल्या, आणि अंधार पडल्यावर दिवे लागले तरी उठायला तयार नाही. त्यामुळे "बांधकाम केलं की किनाऱ्याची वाट लागली" असं जे सरसकट म्हणतात ना त्यांच्याशी माझं अजिबात जमत नाही. म्हातारी माणसं, लहान पोरं, पाय अधू असलेले लोक, यांनाही समुद्र पाहायचा असतो, आणि त्यांच्यासाठी सपाट रस्ता, उजेड आणि जवळ बाथरूम ही गरज आहे, चैन नाही.

शिवाय वर्दळ असली की जीवाला थोडं राखण असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवांत किनाऱ्यावर माझा भाचा गुडघाभर पाण्यात उभा होता, ओहोटी लागलेली, आणि बघता बघता पायाखालची वाळू सरकून तो छातीभर पाण्यात गेला. किनाऱ्यावर आमच्याशिवाय कुणी नाही, जीवरक्षक नाही, साधी पाटी नाही. तिथं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेले दोन मच्छीमार दादा धावले म्हणून पोरगा हाताला लागला. तो दिवस आठवला की अजून पोटात गोळा येतो. शांत किनारा निवडायचा तर भरती-ओहोटीची वेळ गावातल्या माणसाला विचारूनच पाण्यात उतरायचं हे तेव्हापासून आमच्या घरात पक्कं झालं.

आता वेळास. दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वरवरून बागमांडल्याला आलो, फेरीबोटीत गाडी घातली, सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो आणि तिथून बाणकोटवरून वेळास. नाना फडणवीसांचं हे गाव. श्रीवर्धन बाळाजी विश्वनाथांचं, म्हणजे पेशवाईतली दोन मोठी माणसं खाडीच्या अल्याडपल्याडची, हे मला आईने बोटीत सांगितलं. राहायला हॉटेल नाही, लोकांच्या घरीच सोय, ओटीवर गाद्या आणि जेवायला गरम भात-आमटी. पहाटे आईला पडवीत बसवून आम्ही सुरुबनातून चालत किनाऱ्यावर गेलो.

तिथं जाळीचं कुंपण घालून कासवांची अंडी जपलेली असतात. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येऊन वाळूत खड्डा करते, साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी कोल्ही, कुत्री आणि माणसंसुद्धा न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरेंनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम उभं केलं, वनखातंही आलं, आणि आता गावच अंडी राखतं. त्या सकाळी राखण करणाऱ्या गावातल्या दादांनी अंड्यांच्या जागेवर ठेवलेली टोपली उचलली तर आत बावीस पिल्लं, काळीकरडी, तळहातात मावतील एवढी. दोरीमागे आम्ही पन्नासेक माणसं, एरवी बडबडणारी, सगळी गप्प. एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकलं आणि चौथ्यांदा गेलं. माझी पोरगी रडली, मी पण.

ही पिल्लं दिशा कशी ओळखतात तर उजेडावरून. रात्री समुद्राची बाजू जमिनीपेक्षा उजळ असते, पिल्लू तिकडे चालतं. किनाऱ्यावर हॅलोजन लागला की ते उलट गावाकडे वळतं आणि सकाळपर्यंत मरतं. उजेड बघून मादीसुद्धा वर यायची राहते. म्हणजे जो दिवा श्रीवर्धनला माझ्या आईला आधार वाटला तोच दिवा वेळासला घात करतो. आणि तिथं आमच्या शेजारचा एक ग्रुप म्हणत होता की इथं लाईट, सेल्फी पॉइंट आणि दोन टपऱ्या केल्या तर गाव कुठल्या कुठं जाईल. वाईट हेतू नव्हता हो त्यांचा, पण माझ्या छातीत धस्स झालं.

वाळूचंही तसंच आहे. पावसाळ्यात उधाण पुळण खाऊन नेतं, वाळू आत जाऊन साठते आणि थंडीपर्यंत परत येते. मागची वाळूची टेकाडं, त्यावरची मर्यादवेल, केवडा, हे सगळं ती धरून ठेवतं. तिथं काँक्रीटची भिंत उभी केली की लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू ओढून नेते. पाँडिचेरीचा समुद्राकाठचा रस्ता किती सुंदर, संध्याकाळी गाड्या बंद करतात, आम्ही दोन दिवस तिथेच फिरत होतो, पण १९८०च्या दशकाच्या शेवटी बंदराच्या भिंती झाल्यावर तिथली वाळू वाहून गेली आणि वर्षानुवर्षं लोक नुसते दगड बघत बसले.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की जिथं गाव आधीच समुद्राला भिडलंय, श्रीवर्धन, अलिबाग, गिरगाव, तिथं रस्ते बांधा, अजून चांगले बांधा, रॅम्प करा, जीवरक्षक नेमा. पण वेळास, आंजर्ले अशा जागी तोच नकाशा उचलून टाकू नका. तिथल्या लोकांना कमाई हवी, ती त्यांना पडवीत पाहुणे ठेवून मिळतेच आहे, ती वाढवायची तर रस्ता गावापर्यंत नीट करा, पुळणीपर्यंत नको.

आपल्या पर्यटन पुरवणीत या गावांची माहिती येतेच. यापुढे छापताना तीन ओळी ठळक टाइपात घाला ही विनंती: गाडी पुळणीवर नेऊ नका, कासवांजवळ टॉर्च आणि मोबाईलचा फ्लॅश लावू नका, गावकऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे