तपासणीला आलेल्या इंजिनिअर साहेबांना, त्या पेन्सिलच्या कागदाबद्दल

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

एनएसआयसीच्या (राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळाच्या) सिंगल पॉइंट नोंदणीचं, म्हणजे सरकारी टेंडरात लहान उद्योगांना बयाणा रकमेची (टेंडरसोबत भरायच्या अनामतीची) सूट देणाऱ्या नोंदणीचं, सर्टिफिकेट आलं. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या फाउंड्रीचं (ओतकाम कारखान्याचं) हे सर्टिफिकेट खरंही आहे आणि टेंडरला चालणारंही आहे. असा योग वसाहतीत किती वेळा येतो ते तुम्हाला ठाऊकच असेल. म्हणून पाकिटात न घालता सगळ्यांसमोर आभार मानतोय.

या फाउंड्रीचा आधीचा अर्ज एका एजंटाने भरला होता. मालाच्या रकान्यात 'सर्व प्रकारचे कास्टिंग' आणि क्षमतेच्या रकान्यात 'महिना 50 टन' असं ठोकलं, फी घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. आता 'सर्व प्रकारचे' म्हणजे टेंडर उघडणाऱ्याच्या लेखी काहीच नाही. त्याला हवं असतं सी.आय. (बिडाचं) मॅनहोल कव्हर व फ्रेम, आय.एस. 1726 या भारतीय मानकाप्रमाणे, ग्रेडसकट. कागदावर तो माल नावानिशी नसला की बयाणा रकमेच्या सुटीवर बोट ठेवलं जातं, आणि सुटीच्या भरवशावर बयाणा न भरलेलं टेंडर तिथेच बाद होतं. 20 लाखांच्या खरेदीला 2 टक्के बयाणा धरला तरी 40 हजार, 5 टक्के धरला तर 1 लाख. लहान भट्टीवाल्याचं तेवढं भांडवल अडकलं तर पिग आयर्न, म्हणजे वितळवायचं कच्चं लोखंड, कशातून आणायचं?

50 टनांचा आकडा तर त्याहून घातक. 500 किलोची इंडक्शन भट्टी, पाळीला 4 हीट (वितळवण्याच्या फेऱ्या), म्हणजे दिवसाला 2 टन रस (वितळलेला धातू) आणि 25 दिवसांत 50 टन. एजंटाचा हिशोब इथेच संपला. पण रस म्हणजे माल नव्हे. रनर-रायझर (साच्याच्या वाटांत थिजून राहणारा धातू) वजा जाता यिल्ड, म्हणजे हाती येणारा माल, 65 टक्के धरलं तर साडेबत्तीस टन राहतात. त्यातून 5 टक्के रिजेक्शन काढलं की उरतात 31 टनांच्या आसपास. तपासणीत हे लपत नाही, कारण लाइट बिल समोर असतं. टनाला 600 युनिट धरले तर 50 टन रसाला नुसत्या वितळवण्याचेच 30 हजार युनिट लागतात. बिल 20 हजार युनिटचं आणि अर्जात पूर्ण क्षमतेचं उत्पादन, मग शंका येणारच. त्यात चूक तपासणाऱ्याची नसते.

साहेब, तुम्हीही शेरा मारून निघून जाऊ शकला असता. नियमात तेवढंच बसतं. तुम्ही मात्र मोल्डिंगवाल्या मिस्त्रींना बोलावलंत, साच्याच्या पेट्या मोजायला लावल्यात, आणि एका पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने हा सगळा हिशोब त्यांच्यासमोर मांडलात. मालाची यादी त्यांच्या तोंडून घेतलीत: कुठला पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) आहे, कुठला नाही, एच.डी. 20 ओतता की त्याहून जड वाहतुकीचं ई.एच.डी. 35 कव्हर पण, लोड टेस्ट कुठे होते, एफजी 150 या बिडाच्या ग्रेडचे टेस्ट बार कुठे ठेवता. ज्याचा पॅटर्नच नाही तो माल यादीत घेतला नाहीत, हेही बरं केलंत. निघताना तो कागद फाइलला न लावता मालकाच्या हातात दिलात. दोन वर्षांनी नूतनीकरण येईल, तेव्हा मी इथे नसेन, हिशोब असाच मांडा, म्हणालात.

त्या कागदाच्या झेरॉक्स आता वसाहतभर फिरताहेत. भट्टीचं माप आणि आकडे बदलायचे, रीत तीच. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते, तिथे कारखाना बघायला कुणी येत नाही. काम जमतं की नाही हे जागेवर येऊन बघणारा माणूस एनएसआयसीच्या तपासणीच्या टप्प्यावरच भेटतो, आणि त्याने नुसतं बघायचं की समजावूनही सांगायचं हे सर्वस्वी त्याच्या मनावर. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी, त्यात 3 टक्के महिलांकडून आणि 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून, असं धोरण आहे. ते छापलेलं आम्हीही वाचलंय. पण तिथवर पोचायला मधे कुणीतरी सरळ माणूस लागतो. चांगुलपणाचा भत्ता कुठल्या खात्यात मिळतो असं ऐकिवात नाही. तरी काही लोक तसं वागतात, आणि त्यांची बदलीही लवकर होते, असा आपला आमचा संशय.

तुम्ही चहाही अर्धाच घेतलात. पुन्हा या भागात आलात तर तो पुरा करायला या, तपासणी नसली तरी.

आपले नम्र,
शिरोलीतील ओतकामवाले

ता. क. नव्या मंडळींसाठी एक राहिलं: सूट बयाण्याला आहे. ऑर्डर मिळाल्यावरची परफॉर्मन्स सिक्युरिटी (काम पुरं करण्याच्या हमीची अनामत) नोंदणी असली तरी भरावी लागते, तेवढे पैसे आधीच बाजूला काढा. आणि उत्पादन सुरू होऊन वर्ष झालं नसेल तर तात्पुरती नोंदणी मिळते, 5 लाखांच्या मर्यादेची, एका वर्षापुरती. त्यासाठी एजंट लागत नाही.