मोर्शी-वरुड रस्त्यावरच्या त्या मंडळींचे आभार

आंबिया बहाराचा संत्रा भरून नागपूरला कळमन्याच्या मार्केटला निघालो होतो. पांदणीतून डांबरीवर चढताना पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचा मेन पाटा, म्हणजे एकावर एक बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांतली मुख्य पट्टी, शॅकलपाशी (पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीपाशी) तुटला आणि गाडी एका कुशीवर बसली. ज्या ट्रॅक्टरवाल्या काकांनी काही न विचारता क्रेट आपल्या ट्रॉलीत घेतले, ज्या पोरांनी उन्हात ते उतरवून दिले, त्यांची नावं विचारायचीच राहिली. चहा पाजणाऱ्या मावशींचंही तेच.

पाटेवाल्या मिस्त्रींबद्दल मात्र जरा जास्त लिहितो. त्यांनी नुसता पाटा बदलला नाही. बसलेल्या पाट्यांना ठोकून कमान दिली, एक जादा पाटा घातला, पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट नवे टाकले. मागची उंची वाढली म्हणून शॉकअब्सॉर्बर लांब बसवले आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही पाहिलं. पाट्याच्या टोकातल्या रबरी बुशचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळले. लटकत्या गाडीत आवळले तर रबर पिळलेलं राहतं, म्हणे. मागून गाडी उचलल्यामुळे हेडलाइटचा झोत जवळ पडत होता, तोही वर घेतला. एवढं कोण करतं हो हल्ली?

जाताना दम भरला, "पाटा वाढवला म्हंजे वजन वाढवाचं लायसन नाही भेटलं तुले. अन् थोडी चालली का यू-बोल्ट परत आवळून घेजो."

मिस्त्री, आवळून घेतले. पांदणीत आता बूड घासत नाही. काका, पुढच्या तोडणीला संत्र्याचं एक क्रेट तुमचं, फक्त घर कुठं ते कळवा.